मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचतो कसा, आणि कधीकधी वाटेतच का अडकतो

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात, म्हणजे मुख्यतः सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी ह्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे ग्युलाँ-बारे सिंड्रोम ह्या नसांच्या आजाराचे, पेशंट एकदम सापडायला लागले तेव्हा सोसायट्यांच्या ग्रुपवर दोनच गोष्टी फिरत होत्या, एक म्हणजे पाणी उकळून प्या आणि दुसरी म्हणजे "नसांचा आजार आहे, मेंदूवर जातो". पहिलं बरोबरच होतं. दुसरं मात्र अर्धवट, कारण जीबीएसमध्ये मेंदू अगदी शाबूत असतो. माणूस बेडवर पडून सगळं ऐकत असतो, त्याला सगळं समजत असतं, पाय हलवायचं तो ठरवतो, ते ठरवणं डोक्यात पूर्ण होतं आणि पाय मात्र जागचा हलत नाही. बरं, पायाचा स्नायूही सुरुवातीला ठणठणीतच असतो. बिघडलेलं असतं ते मधलं.

हे मधलं म्हणजे काय आणि त्यातून नक्की जातं काय, ते आज जरा निवांत बघू. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

बहुतेकांच्या डोक्यातलं चित्र असं असतं की मेंदू मेन स्विच, नसा म्हणजे वायरी, आणि त्यातून करंट वाहतो. आपल्याला शाळेत साधारण हेच सांगितलेलं असतं आणि परीक्षेपुरतं ते चालूनही जातं. पण नसेतून करंट तसा वाहत नाही. नसेत जे बारीक तंतू असतात, ॲक्सॉन म्हणतात त्यांना, त्यांच्या आत जो खारट द्रव असतो तो तांब्याच्या मानाने कोट्यवधी पट वाईट वाहक आहे, वीज एका टोकाला सोडून दिली तर काही मिलिमीटरमध्येच ती विरून जाईल, कंबरेपासून अंगठ्यापर्यंत एक मीटर जायचं तर विसराच. मग शरीर काय करतं? ते सिग्नल पाठवतच नाही, वाटेवरच्या प्रत्येक ठिकाणी तो नव्याने तयार करतं. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की दाताच्या डॉक्टरचं बधिर करायचं इंजेक्शन, बी-ट्वेल्व्ह कमी झाल्यावरच्या मुंग्या, जीबीएस, मण्यारीचं विष, शेतातल्या फवारणीची विषबाधा हे सगळे वेगवेगळे विषय राहतच नाहीत, एकाच रस्त्यावर कोण कुठे आडवा आलाय एवढाच प्रश्न उरतो.

आधी न्यूरॉन. चेतापेशी म्हणा, मज्जापेशी म्हणा, मी न्यूरॉनच म्हणतो. माणसाच्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी न्यूरॉन असतात. पूर्वी सर्रास १०,००० कोटी असा गोल आकडा सांगायचे, पण २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हूझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचे भाग चक्क विरघळवून त्याचं एकसारखं द्रावण केलं आणि त्यातली पेशीकेंद्रं मोजली, तेव्हा हा आकडा आला. गंमत म्हणजे त्यातले जवळजवळ ६,९०० कोटी डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत, आणि आपण ज्याच्यावर एवढी मिजास करतो त्या मोठ्या मेंदूच्या सालीत जेमतेम १,६०० कोटी.

न्यूरॉनचे भाग तीन. मधे पेशीचा मुख्य भाग, तिथे केंद्रक आणि सगळा कारखाना. त्याला चहूबाजूंनी फुटलेल्या बारीक फांद्या, त्या डेन्ड्राइट, बाकीच्यांचं ऐकून घेणाऱ्या. आणि एक लांब शेपूट, ॲक्सॉन, ह्याचं काम पुढे सांगण्याचं. मुख्य भाग मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्यापेक्षाही लहान, पण ॲक्सॉनचं काही सांगता येत नाही, मेंदूत तो मिलिमीटरभर असू शकतो आणि पायाचा स्नायू हलवणारा न्यूरॉन घेतला तर त्याचं केंद्रक पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत आणि शेपटाचं टोक तळपायात. एक पेशी, एक मीटर लांब! आणि ह्या एवढ्या लांबीला लागणारी प्रथिनं वगैरे सगळी वर तयार होऊन खाली जातात, त्यातला सगळ्यात वेगवान माल दिवसाला ४०० मिलिमीटर जातो म्हणजे तळपायापर्यंत पोचायला निदान अडीच दिवस, आणि मंद माल तर दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर सरकतो. डायबेटिसमध्ये पायाची बोटं आधी का बधिर होतात, हात नंतर का, ह्याचं उत्तर बरंचसं ह्या लांबीत आहे, जो ॲक्सॉन जितका लांब तितका तो सांभाळायला अवघड.

ह्या पेशी सुट्या सुट्या आहेत हे कळायलासुद्धा भांडण व्हावं लागलं. इटलीच्या कामिल्लो गोल्जीने १८७३ मध्ये सिल्व्हर नायट्रेटची एक रंगवायची पद्धत काढली, तिच्यात हजारो पेशींमधल्या थोड्याच पेशी रंगतात पण ज्या रंगतात त्या शेंड्यापासून बुडापर्यंत काळ्याभोर दिसतात. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने तीच पद्धत आणखी सुधारून वापरली, शेकडो चित्रं स्वतः काढली आणि म्हणाला की प्रत्येक न्यूरॉन वेगळा आहे, मधे फट आहे. गोल्जीचं म्हणणं उलटं, हे सगळं एकमेकात जोडलेलं सलग जाळं आहे. १९०६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, एकत्रच, आणि गोल्जीने नोबेलच्या भाषणात काहालच्या सिद्धांतावर टीका केली. बरोबर काहालच निघाला. त्या फटीकडे नंतर येतोच.

आता मुख्य मुद्दा, वीज कुठून येते.

घरात कोणी ॲडमिट झालं की रक्ताचा इलेक्ट्रोलाइट्सचा रिपोर्ट येतो, त्यात सोडियमची रेंज १३५ ते १४५ आणि पोटॅशियमची साडेतीन ते पाच असते, बघितला असेल. हे झालं पेशीच्या बाहेरचं. पेशीच्या आत बरोब्बर उलटी परिस्थिती, पोटॅशियम १४० च्या आसपास आणि सोडियम फार तर १०-१५. हा फरक आपोआप टिकत नाही, पेशीच्या पातळ आवरणात बसवलेला एक पंप दिवसरात्र तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊने १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करताना हा शोधला आणि त्याला नोबेल मिळालं थेट १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के पण ऊर्जा खातो २० टक्के असं आपण नेहमी वाचतो ना, त्यातला मोठा वाटा हे असले पंप चालवण्यातच जातो, तुम्ही काही विचार करत असा किंवा नसा.

पोटॅशियम थोडं थोडं बाहेर झिरपत राहतं आणि जाताना आपला पॉझिटिव्ह चार्ज घेऊन जातं, त्यामुळे आतली बाजू बाहेरच्या मानाने निगेटिव्ह राहते, साधारण उणे ७० मिलिव्होल्ट. आकडा किरकोळ वाटेल, रिमोटच्या सेलच्याही वीसपट कमी. पण आवरणाची जाडी बघा, ५ ते ७ नॅनोमीटर. एवढ्याशा जाडीवर एवढा व्होल्टेज म्हणजे मीटरला एक कोटी व्होल्टचा ताण झाला. (आणि हो, पोटॅशियम साडेसहा-सातच्या वर गेलं की डॉक्टर एवढी धावपळ का करतात तेही इथेच कळतं, बाहेरचं पोटॅशियम वाढलं की आत-बाहेरचा हा फरकच बिघडतो आणि पहिला फटका हृदयाला बसतो.)

म्हणजे नस शांत असते तेव्हाही प्रत्येक ठिकाणी भरलेली, तयार असते. दिवाळीतली लवंगी फटाक्यांची माळ डोळ्यासमोर आणा. वातीला काडी लावली की ती काडी शेवटच्या फटाक्यापर्यंत जात नाही, पहिला फटाका स्वतःच्या दारूवर फुटतो, त्याच्या ठिणगीने दुसरा पेटतो, तोही स्वतःच्याच दारूवर. म्हणून शंभरावा फटाका पहिल्याइतकाच जोरात वाजतो. आणि माळ मागे पेटत येत नाही कारण मागे जळायला काही उरलेलंच नसतं. नसेचं हुबेहूब असंच आहे, फरक एवढाच की नसेतला फुटलेला फटाका मिलिसेकंद-दोन मिलिसेकंदात परत भरून तयार होतो.

फुटतो म्हणजे काय होतं? आवरणात सोडियमसाठी दारं आहेत, चॅनल म्हणतात त्यांना, आणि ही दारं व्होल्टेजवर उघडतात. एखाद्या ठिकाणी काही कारणाने आतला व्होल्टेज उणे ७० वरून उणे ५५ च्या आसपास आला की काही दारं उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं, ते पॉझिटिव्ह असल्यामुळे व्होल्टेज आणखी वर जातो, त्यामुळे आणखी दारं उघडतात, आणखी सोडियम, आणखी दारं, आणि बघता बघता उणे ७० चं अधिक ३०-४० होतं. मिलिसेकंदाच्या आत. तेवढ्यात सोडियमची दारं आपोआप बंद होतात आणि लगेच उघडतही नाहीत, काही केलं तरी नाही. दरम्यान पोटॅशियमची दारं, जी जरा आळशी असतात, ती उघडतात, पोटॅशियम बाहेर पळतं आणि व्होल्टेज परत खाली. ह्याला ॲक्शन पोटेन्शियल म्हणतात. इथे जे सोडियम आत आलं त्याने शेजारच्या जागेचा व्होल्टेज थोडा वर ढकलला गेला, तिथली दारं उघडली, आणि गाडी पुढे. मागची दारं नुकतीच बंद झालेली, म्हणून मागे जात नाही.

इथे लोक नेहमी एक गोष्ट विसरतात, सोडियम नसेच्या लांबीला धावत जात नाही, ते फक्त आवरण ओलांडून बाहेरून आत येतं, काही नॅनोमीटर, बास. पुढे सरकते ती घटना. आणि येणारं सोडियम इतकं कमी असतं की आतल्या एकूण साठ्यात फारसा फरकही पडत नाही, जाड नसेतला पंप बंद केला तरी ती हजारो वेळा फुटू शकते.

ह्यातून अजून एक गंमत निघते. अर्धवट फुटणं असा प्रकारच नाही, फुटला तर पूर्ण नाहीतर नाहीच. मग हळूच लावलेलं बोट आणि जोरात बसलेली चापट ह्यातला फरक मेंदूला कळतो कसा? सिग्नल मोठा करून नाही, जास्त वेळा पाठवून. हळू स्पर्श असेल तर सेकंदाला थोडेच, जोरात असेल तर शंभर, दोनशे, आणि शिवाय जास्त न्यूरॉन एकदम कामाला लागतात. रंग, आवाज, चव, चटका, सगळं ह्याच एका प्रकारच्या ठोक्यांनी जातं, कोणत्या नसेवरून आलं त्यावरून मेंदू ठरवतो की हे काय आहे. पटत नसेल तर कोपर आठवा. कोपराच्या आतल्या बाजूला एका हाडाच्या खोबणीत अल्नर नावाची नस जवळजवळ कातडीखालीच असते, ती टेबलाच्या कडेला आपटली की झिणझिण्या करंगळीत येतात. करंगळीला काहीही झालेलं नसतं! नस मधेच पेटली, पण मेंदूच्या हिशोबात ह्या नसेवरून आलं म्हणजे करंगळीकडूनच आलं.

हे सगळं कळलं कसं तर एका समुद्री प्राण्यामुळे. स्क्विड, आपल्याकडे माकूळ म्हणून कोकणात जेवणात असतो तोच गट, त्याच्या अंगात पळून जाण्यासाठी एक अवाढव्य ॲक्सॉन असतो, अर्धा ते एक मिलिमीटर जाड, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. १९३९ मध्ये इंग्लंडात प्लिमथला ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली ह्यांनी त्याच्या आत इलेक्ट्रोड सरकवून ॲक्शन पोटेन्शियल आतून मोजलं, आणि काही आठवड्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं, काम बंद. युद्धानंतर परत सुरू करून १९५२ मध्ये त्यांनी ह्या दारांची गणितं छापली. त्यातलं एक गणित सोडवायला केंब्रिजचा कॉम्प्युटर हवा होता पण तो नेमका दुरुस्ती-बदलासाठी बंद, मग हक्सली हाताने दांडा फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर बसला आणि आठवडेच्या आठवडे दांडा फिरवत राहिला. उत्तर आलं की स्क्विडच्या नसेत सिग्नल सेकंदाला १८.८ मीटर जायला हवा. प्रत्यक्ष मोजलेला वेग होता २१.२. चॅनल नावाची वस्तू तेव्हा कोणी बघितलेलीसुद्धा नव्हती. १९६३ चं नोबेल ह्यावर मिळालं, मला विचाराल तर जीवशास्त्रात गणिताने एवढा नेमका निशाणा क्वचितच साधलाय.

दाताच्या डॉक्टरकडे जे लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात ते ह्याच सोडियमच्या दारात जाऊन अडकतं. दार उघडत नाही, फटाका फुटत नाही, माळ तिथेच थांबते, दाढेत जे काय चाललंय त्याची बातमी वर जातच नाही. बारीक नसा आधी बंद पडतात आणि जाड नसा नंतर, दुखणं बारीक नसांवरून जातं आणि दाब-ओढ जाड नसांवरून, म्हणून दाढ ओढल्याचं कळतं पण दुखत नाही.

जाड-बारीकवरून वेगाकडे येऊ. पायाची करंगळी सोफ्याला आपटली की आधी कळतं की आपटलं, मग एक टोचल्यासारखी कळ, आणि मग सेकंदभराने तो खरा ठणका. तो यायच्या आधी आपल्याला माहीत असतं की आता येणार, तोंड वाकडं करून आपण वाट बघतो. हे तीन वेगवेगळ्या नसांचे तीन वेग आहेत. स्पर्शाच्या नसा सेकंदाला पन्नास मीटरच्या वर, कळ नेणाऱ्या साधारण ५ ते ३० मीटर, आणि ठणका नेणाऱ्या फक्त अर्धा ते दोन मीटर, म्हणजे चालायचा वेग. स्नायूंकडे जाणाऱ्या काही नसा तर सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जातात, ताशी ३६० किलोमीटर.

एवढा फरक कशाने? एक म्हणजे जाडी. पण स्क्विडसारखे मिलिमीटर जाड ॲक्सॉन आपल्याला परवडणार नाहीत, पाठीचा कणा खांबाएवढा करावा लागेल. आपल्याकडे दुसरा उपाय आहे, मायलिन. शेजारच्या काही पेशी ॲक्सॉनभोवती स्वतःचं चरबीयुक्त आवरण गोल गोल गुंडाळतात, कित्येक थर, आणि दर मिलिमीटरभराने एक छोटीशी उघडी जागा सोडतात. सोडियमची दारं बहुतेक सगळी त्या उघड्या जागांवरच. मग सिग्नल इंचाइंचाला नव्याने तयार करायची गरज राहत नाही, मायलिनखालून व्होल्टेजचा धक्का झटकन पुढच्या उघड्या जागेपर्यंत पोचतो, तिथे फटाका फुटतो, परत पुढची जागा. वेळही वाचतो आणि पंपाचं कामही. ठणका नेणाऱ्या नसांना मायलिन नसतं, म्हणून त्या रमतगमत.

वेग मोजणारा पहिला माणूस म्हणजे जर्मनीचा हेल्महोल्ट्झ, १८५० मध्ये. त्याचे गुरू योहानेस म्युलर म्हणायचे की नसेतला वेग मोजायचं साधन आपल्याला बहुधा कधीच मिळणार नाही. हेल्महोल्ट्झने बेडकाच्या पायाची नस घेतली, तिला एकदा स्नायूच्या जवळ आणि एकदा लांब असा शॉक दिला, दोन्ही वेळा स्नायू किती वेळाने आकसतो ते बघितलं आणि अंतराला वेळेतल्या फरकाने भागलं. उत्तर सेकंदाला सुमारे २७ मीटर. आज पुण्यातल्या कुठल्याही न्यूरॉलॉजिस्टकडे एनसीव्ही टेस्ट करतात ना, हातापायावर पट्ट्या लावून टिक टिक शॉक देतात, ती तत्त्वतः हीच आहे, बेडकाच्या जागी आपण. हाताच्या नसेचा वेग सेकंदाला ५० ते ६० मीटर आला की ठीक. बराच कमी आला तर मायलिन गेलंय असा संशय, आणि वेग ठीक पण स्नायूचा प्रतिसादच छोटा आला तर ॲक्सॉन स्वतःच मेले असावेत असा.

आता जीबीएस सांगता येईल. ग्युलाँ, बारे आणि स्ट्रोल ह्या तीन फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये युद्धातल्या दोन सैनिकांवरून ह्याचं वर्णन केलं, नावात मात्र दोघेच राहिले, स्ट्रोल बिचारा गळाला. पुण्यातल्या पेशंटच्या तपासण्यांमध्ये कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जीवाणू सापडला, दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या चिकनमधून पोटात जाणारा. ह्या जीवाणूच्या बाहेरच्या आवरणात जे साखरेचे रेणू असतात ते आपल्या नसांवरच्या रेणूंसारखेच दिसतात. शरीर जीवाणूविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, जुलाब थांबतात, आपण विसरूनही जातो, आणि दोन-एक आठवड्यांनी त्याच अँटिबॉडी नसांवर जातात. जीबीएसच्या एका प्रकारात मायलिन सोलून निघतं, दुसऱ्यात अँटिबॉडी थेट ॲक्सॉनवर, त्या उघड्या जागांवरच हल्ला करतात. दोन्हीकडे निकाल तोच, माळेतले फटाके ओले. सुरुवात बहुतेक वेळा पायापासून, मग वर, आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेलं तर व्हेंटिलेटर. जीबीएस स्वतः एकापासून दुसऱ्याला होत नाही, आणि हा जुलाब झालेल्या हजारात एखाद्यालाच पुढे जीबीएस होतो, हे त्या जानेवारीत कोणीतरी मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं.

उपचार दोन, एक तर दुसऱ्या लोकांच्या रक्तातून काढलेल्या इम्युनोग्लोब्युलिनची ती लाखात जाणारी इंजेक्शनं, नाहीतर रक्तातला प्लाझ्मा बदलून अँटिबॉडी काढून टाकणं. ह्याने हल्ला थांबतो, दुरुस्ती नसेला स्वतःच करावी लागते. नुसतं मायलिन गेलं असेल तर काही आठवडे ते महिने. ॲक्सॉनच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, आता गुडघ्यापासून पावलापर्यंतचं अंतर मोजा आणि हिशोब करा, वर्षाच्या जवळ जातं. त्यामुळे फिजिओथेरपी तीन महिन्यात "काही फरक नाही" म्हणून सोडू नये.

मायलिनचा आणखी एक, अगदी घरगुती शत्रू म्हणजे बी-ट्वेल्व्हची कमतरता. मायलिन नीट राखायला हे जीवनसत्त्व लागतं आणि ते मिळतं फक्त प्राणिजन्य अन्नातून, शाकाहाऱ्यांना दूध-दह्यातून थोडंफार. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे आणि आसपासच्या ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये जे छापलं त्यात साधारण दोन तृतीयांश लोकांचं बी-ट्वेल्व्ह कमी होतं, आणि सगळ्यात वाईट स्थिती झोपडपट्टीत किंवा खेड्यात नाही तर शहरी मध्यमवर्गात होती. म्हणजे आपणच. डायबेटिसची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, तेव्हा पायाला मुंग्या आल्या की सगळं डायबेटिसच्या नावावर खपवू नका, एकदा तपासून घ्या.

कुष्ठरोगाबद्दल एकच वाक्य, त्याचा जीवाणू मायलिन गुंडाळणाऱ्या पेशींमध्येच घर करतो, बधिरपणा त्यातून येतो, आणि बोटं झडतात ती रोगाने खाऊन नाही तर चटका-जखम कळत नाही म्हणून.

आता काहालची फट. ॲक्सॉन संपतो तिथे पुढच्या पेशीला तो चिकटलेला नसतो, मधे २०-४० नॅनोमीटर मोकळी जागा असते, सिनॅप्स म्हणतात. ॲक्शन पोटेन्शियल ती ओलांडू शकत नाही. म्हणून टोकाला पोचल्यावर ते कॅल्शियमची दारं उघडतं, कॅल्शियम आत आलं की टोकात साठवलेल्या रसायनाच्या बारीक पिशव्या आवरणाला चिकटून फुटतात, रसायन फटीत सांडतं आणि समोरच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे त्या रसायनासाठीच असलेल्या जागेला, जाऊन बसतं. तिथली दारं उघडतात आणि पुढच्या पेशीत परत वीज. वीज, रसायन, वीज, असा प्रवास.

हे रसायनाने होतं की विजेनेच होतं ह्यावरही बरीच वर्षं वाद होता. ऑस्ट्रियाच्या ग्राझमध्ये ओट्टो लोएवीने १९२१ मध्ये छापलेल्या प्रयोगात बेडकाची दोन धडधडणारी हृदयं घेतली, पहिल्याची वेगस नस उत्तेजित केली तशी त्याची गती मंदावली, मग त्याच्या भोवतीचं द्रावण काढून दुसऱ्या हृदयाला दिलं, आणि ज्याला कोणी हातही लावला नव्हता ते दुसरं हृदयही मंदावलं. म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं होतं. ते ॲसिटिलकोलीन. हा प्रयोग आपल्याला स्वप्नात सुचला, असं लोएवी स्वतः सांगायचा.

नस आणि स्नायूमधल्या फटीत हेच ॲसिटिलकोलीन काम करतं, आणि आपल्याकडच्या कित्येक विषांचा हल्ला नेमका इथे असतो. नागाच्या विषातला भाग समोरच्या बाजूला रिसेप्टरवर जाऊन बसतो, रसायन येतं पण त्याला बसायला जागा नसते. मण्यार अलीकडच्या बाजूवर, ॲक्सॉनच्या टोकावर हल्ला करते, पिशव्या असलेलं टोकच खराब होतं. म्हणून मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या आधी जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. खराब झालेलं टोक अँटिव्हेनमने परत येत नाही, ते नव्याने तयार होईपर्यंत पेशंटला व्हेंटिलेटरवर टिकवून धरावं लागतं, आणि धरलं तर तो घरी जातो. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखत जवळजवळ नाहीच, त्यामुळे "काही झालं नाही" म्हणून सकाळपर्यंत थांबण्यात जीव जातो. पावसाळ्यात मुळशी-मावळ-पुरंदरकडे राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

कीटकनाशकांची गोष्ट बरोबर उलटी. फटीत सांडलेलं ॲसिटिलकोलीन लगेच साफ करणारं एक एन्झाइम असतं, एक एक एन्झाइम सेकंदाला हजारो रेणू तोडतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं हे एन्झाइम निकामी करतात, मग निरोप संपतच नाही, घाम, लाळ, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, स्नायू फडफडतात आणि शेवटी थकून बंद पडतात. यवतमाळमध्ये २०१७ ला फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले तेव्हा पेपरात ह्या औषधांची नावं रोज येत होती. आणि बोटॉक्स? तेही इथलंच, ते पिशव्या फुटूच देत नाही, फक्त कपाळावरच्या आठ्यांपुरतं, म्हणून लोक त्याचे पैसे मोजतात.

मेंदूतल्या फटी ह्याहून गुंतागुंतीच्या, कारण तिथे एकेका न्यूरॉनवर हजारो सिनॅप्स असतात आणि सगळे काही पेटवणारे नसतात. ग्लुटामेट नावाचं रसायन आलं की व्होल्टेज वर जातो, गाबा नावाचं आलं की उणेच्या बाजूला दाबून ठेवला जातो. न्यूरॉन ह्या सगळ्यांची बेरीज-वजाबाकी करत असतो, ॲक्सॉन जिथून सुरू होतो तिथे ती उणे ५५ च्या वर गेली तर फुटायचं, नाहीतर गप्प. दारू गाबाचा जोर वाढवते, पहिला पेग डोक्यातला धाक बंद करतो आणि चौथा पाय. गाबा कमी पडला तर उलटं, एकदम खूप न्यूरॉन एकत्र फुटायला लागतात, फिट येण्यामागे बऱ्याचदा हा बिघडलेला तोल असतो. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवून ह्या तोलावर काडीचा परिणाम होत नाही, एका कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, पाच मिनिटांच्या वर चालली तर हॉस्पिटल गाठा.

आणि सुरुवातीला चहा घ्यायला सांगितला होता म्हणून, तोही सिनॅप्सवरच काम करतो. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन नावाचा रेणू साठत जातो, तो आपल्या रिसेप्टरवर बसला की न्यूरॉन मंदावतात आणि झोप यायला लागते. कॅफिन त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं पण करत काहीच नाही, नुसती जागा अडवतं. थकवा तसाच साठत राहतो, फक्त त्याची बातमी पोचत नाही. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाला अमृततुल्यवर घेतलेल्या कटिंगमधलं अर्धं कॅफिन रात्री अकरालाही त्या जागा अडवून बसलेलं असतं.